आठ तासांचें सिंत्रा

देशाटनानें मनुष्य शहाणा होतो, ही आपल्याकडील फार जुनी समजूत आहे. ती खोटी पाडण्याचा जितका पद्धतशीर उद्योग गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चालला आहे, तितका पूर्वीं केव्हांहि चालला नसेल. पुण्यामुंबईच्या, नागपूर-कोल्हापूरच्या सुशिक्षित कुटुंबांनीं उन्हाळ्याच्या सुटींत युरोपास जाऊन येणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं, आणि याचें आम्हांस समाधानच आहे. परंतु जाऊन आलेल्या मंडळींशीं घटकाभर बोलत बसलें म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. त्यांस हॉटेलांतील न्याहारी आठवते, रांगेचा कंटाळा आठवतो, मोटार हांकणाऱ्याचा विनोदी स्वभाव आठवतो. परंतु जें पाहावयास म्हणून इतक्या दूर गेलों, तें आठवण्यासाठीं मात्र मोबाइलांतलीं छायाचित्रें उघडावीं लागतात. हा दोष त्यांच्या स्मरणशक्तीचा नाहीं. ज्या रीतीनें त्यांस पाहावयास लाविलें जातें, त्या रीतीचा तो दोष आहे; आणि त्या रीतीचा ठळक नमुना म्हणून पोर्तुगालच्या लिस्बन शहरांतून निघणारी एक दिवसाची खाजगी सहल आम्ही येथें परीक्षेस घेतों.

या सहलीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळीं साडेआठ-नऊच्या सुमारास हॉटेलच्या दाराशीं मोटार येते. तींत एकाच कुटुंबांतलीं चार-सहा माणसें आणि त्यांच्या दिमतीस एक गाइड. लिस्बनच्या वायव्येस सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरांवर डोंगराच्या कुशींत वसलेलें सिंत्रा हें पहिलें ठिकाण. तेथें डोंगरमाथ्यावरील पेनाचा रंगीबेरंगी राजवाडा, खालीं रेगालेइराचा वाडा व त्याच्या बागेंतील खोल विहीर. मग पश्चिमेस काबो दा रोका या भूशिराकडे. तेथून समुद्रकांठच्या रस्त्यानें, वाटेंत ‘नरकाचें तोंड’ या नांवाच्या खडकाळ कपारीशीं थांबून, कश्काइश या बंदरगांवीं. आणि दिवेलागणीपूर्वीं पुन्हां हॉटेलांत. दोन राजवाडे, एक भूशिर, एक कपार, एक बंदर. सहल विकणारे तीन गोष्टींवर भर देतात : ती एका दिवसांत होते, ती गाइडसह असते आणि ती खाजगी असते. या तिन्ही गोष्टी गुण म्हणून सांगितल्या जातात. आमच्या मतें त्या तिन्ही दोष आहेत. आणि त्यांतून निघणारा सर्वांत मोठा दोष हा कीं, या सहलींत मराठी माणूस आपल्याच इतिहासाच्या दारावरून मोटारींतून निघून जातो, आणि त्यास त्याचा पत्ताहि लागत नाहीं.

प्रथम ‘एका दिवसांत’ या शब्दांचा हिशेब पाहूं. लिस्बनहून सिंत्रा, सिंत्र्याच्या अरुंद वळणांवरील चढउतार, तेथून भूशिर, भूशिराहून कश्काइश आणि परत लिस्बन, एवढी वाट नेहमीच्या गर्दींत कापावयाची म्हणजे तीन तास रस्त्यावरच जातात. जेवणास एक तास धरावा. आठांपैकीं उरले चार. त्या चारांत पांच ठिकाणें बसवावयाचीं. शिवाय पेनाचा राजवाडा आंतून पाहावयाचा तर ठराविक वेळेचें तिकीट, त्यापुढील रांग आणि दारापर्यंतचा चढ हीं आहेतच. म्हणजे प्रत्येक ठिकाणाच्या वांट्यास सरासरी पाऊण तास येतो. एखाद्या ग्रंथाचीं पहिलीं चार पानें, मधलीं दोन आणि शेवटचें एक चाळणाऱ्यास आपण त्या ग्रंथाचा वाचक म्हणत नाहीं. मग राजवाड्याचीं पायरी, गच्ची आणि दुकान पाहणाऱ्यास प्रवासी कां म्हणावें?

पण वेळ थोडा मिळतो एवढीच हानि असती, तर आम्ही लेखणी उचलली नसती. घाईचा खरा परिणाम निवडीवर होतो. जेथें पाऊण तासच मिळावयाचा, तेथें जें पाऊण तासांत डोळ्यांत भरेल तेंच दाखवावें लागतें; जें हळूहळू उलगडतें तें गाळावें लागतें. सिंत्रा गांवाच्या मध्यभागीं राजघराण्याचा जुना राजवाडा आहे. त्याच्या मुदपाकखान्याचीं दोन पांढरीं, शंकूच्या आकाराचीं धुराडीं तेहतीस मीटर उंच असून गांवांत कोठूनहि दिसतात. पोर्तुगालच्या राजांनीं शतकानुशतकें वाढविलेला, राबविलेला असा हा वाडा आहे. त्याच्या एका दालनाच्या छतावर बहात्तर सरदार घराण्यांचीं मानचिन्हें रंगविलेलीं आहेत. तें दालन मानुएल राजाच्या अमदानींतलें, म्हणजे वास्को द गामा कालिकतास पोंचल्यानंतरच्या वीस वर्षांतलें, जेव्हां मलबारच्या मिऱ्यांचा पैसा लिस्बनांत येऊं लागला होता, तेव्हांचें. तेथेंच एक खोली आहे. सहावा आफोन्सु या पदच्युत राजास त्याच्याच भावानें कैदेंत ठेविलें, आणि अखेरचीं सुमारें नऊ वर्षें या वाड्यांत काढून तो १६८३ सालीं तेथेंच मेला. ज्यानें आपल्याकडील भावाभावांच्या आणि काकापुतण्यांच्या बखरी वाचल्या आहेत, त्यास त्या खोलींत उभें राहिल्यावर पुष्कळ कांहीं सुचेल. परंतु हा वाडा बाहेरून साधा दिसतो. तेव्हां पुष्कळ सहलींत त्याचीं धुराडीं मोटारीच्या खिडकींतून दाखवितात आणि पुढें जातात.

त्याच्या ऐवजीं दाखविला जातो तो पेना. हा पेना पाहून आलेले लोक ‘काय ते जुने राजे आणि काय ते जुने वाडे’ असें म्हणतांना आम्हीं ऐकलें आहे. वस्तुस्थिति अशी आहे कीं, त्या जागीं पूर्वीं एक मठ होता; राणी दुसरी मारिया हिचा जर्मन पति फेर्दिनांद यानें तो १८३८ सालीं विकत घेतला, आणि १८४२ ते १८५४ या बारा वर्षांत बॅरन एश्वेगे याच्या देखरेखीखालीं हा राजवाडा उभा राहिला. आपला शनिवारवाडा १८२८ च्या आगींत जळाला, त्यानंतर चौदा वर्षांनीं पेनाचें काम सुरू झालें ! घुमट मुसलमानी, बुरूज किल्ल्याचे, खिडक्या मानुएलच्या काळच्या नकलेच्या, अशी जुन्याची हौसेनें केलेली ती नवी मांडणी आहे. तसेंच रेगालेइराचें. तेथील सत्तावीस मीटर खोल विहिरींत गोल जिन्यानें उतरतांना प्राचीन गुप्त पंथांच्या गोष्टी सांगितल्या जातात आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर कांटा उभा राहतो. पण ही बाग आणि तो वाडा ब्राझीलमधील पैशानें गबर झालेल्या कार्व्हाल्यु मोंतेइरु या धनिकानें लुइजी मानीनी या इटालियन कलावंताकडून १९०४ ते १९१० या काळांत करविला. लोकमान्यांस मंडालेस नेलें, त्या सुमारास हें ‘प्राचीन रहस्य’ बांधलें जात होतें. नव्यांत कांहीं वाईट आहे असें नाहीं. फेर्दिनांदाची हौस हा एकोणिसाव्या शतकाच्या मनाचा मोठा मनोरंजक पुरावा आहे, आणि तो तसा समजून पाहिला तर दोन तासहि पुरणार नाहींत. परंतु हौसेनें केलेल्या नकलेस अस्सल समजून, अस्सल मात्र खिडकींतून पाहून परत येणें, यास देशाटन म्हणावयाचें कीं दुसरें कांहीं, हें वाचकांनींच ठरवावें.

आतां गाइडाकडे वळूं. या धंद्यांतल्या माणसांविषयीं आमच्या मनांत अनादर नाहीं. त्यांच्यांत बहुश्रुत माणसें आहेत, आणि दिवसभर तेच जिने चढून, त्याच गोष्टी सांगून प्रसन्न राहणें हें सोपें काम नव्हे. दोष त्यांच्याशीं होणाऱ्या करारांत आहे. त्यांनीं पांच ठिकाणें वेळेंत उरकावीं आणि गिऱ्हाइकास कंटाळा येऊं देऊं नये, यासाठीं त्यांस पैसे दिले जातात. आपल्या भाषेंत वाटाड्या म्हणून एक चांगला शब्द आहे. वाटाड्या वाट दाखवितो, चालावयाचें आपण. या सहलींत गाइड वाटहि दाखवितो, चालतोहि तोच, पाहतोहि तोच, आणि पाहून काय वाटावें तेंहि तोच सांगतो. प्रत्येक राजवाड्याची एक ठरलेली आख्यायिका असते. जुन्या वाड्यांत कोणी शिरलेंच, तर राजानें दासीचें चुंबन घेतल्याची आणि त्यावरून छतावर जितक्या दासी तितक्या साळुंक्यांसारख्या पांखरांचीं चित्रें काढविल्याची गोष्ट सांगून होते. बहात्तर घराण्यांचा पैसा कोठून आला, हें कोणी विचारीत नाहीं आणि म्हणून कोणी सांगतहि नाहीं. जो ऐकतो त्यानें विचारावें लागतें. आणि विचारण्यासाठीं आधीं थोडें ठाऊक असावें लागतें. गाइड घेतला म्हणजे वाचून जाण्याची गरज नाहीं, अशी जी आपली समजूत झाली आहे, तीच या प्रकरणाची मुळी आहे.

न वाचून गेल्यानें काय हुकतें, त्याचें एक उदाहरण देतों. आणि हेंच आमच्या तक्रारीचें मर्म आहे. रेगालेइराहून मोंसेरातकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सेतेआइशचा वाडा ओलांडला कीं, पेन्या व्हेर्दे नांवाची एक जुनी वाडी लागते. ती सहलीच्या यादींत नसते. ती दों जुआंव द कास्त्रो याची वाडी. हा १५०० सालीं जन्मला, १५४५ सालीं पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला, १५४६ सालीं त्यानें दीवचा वेढा उठविला, त्याच्या आरमारानें आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील गांवें जाळलीं, आणि १५४८ सालीं गोव्यांत तो वारला. दीवचा किल्ला पुन्हां बांधण्यास पैसे हवेत, म्हणून त्यानें गोव्याच्या नगरसभेकडे आपल्या दाढीचे केस गहाण पाठविले, ही त्याची कथा पोर्तुगालांत घरोघर ठाऊक आहे. या वाडींत एक संस्कृत शिलालेख येऊन पडला. तो सोमनाथ-प्रभासचा. कास्त्रोनेंच तो आणला, असें परंपरा सांगते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मर्फी नांवाच्या प्रवाशानें आपल्या पुस्तकांत त्याची हकीकत छापली, आणि पुढें जॉर्ज ब्यूलर या पंडितानें ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्याच खंडांत तो संपादून प्रसिद्ध केला. संशोधकांत तो सिंत्रा-प्रशस्ति या नांवानेंच ओळखला जातो.

या प्रशस्तींत काय आहे ? तींत एका प्रवाशाचा वृत्तान्त आहे. गुजराथच्या सारंगदेव वाघेल्याच्या काळीं, १२८७ सालीं, त्रिपुरान्तक नांवाच्या पाशुपत साधूसाठीं ती कोरली गेली. हा त्रिपुरान्तक हिमालयांत केदारास गेला; प्रयागास गेला; श्रीपर्वतास गेला; नर्मदेंत त्यानें स्नान केलें; गोदावरीच्या उगमाशीं आपल्या त्र्यंबकेश्वरास तो आला; रामेश्वरास पोंचला; आणि मग पश्चिम समुद्रकांठीं प्रभासास येऊन तेथें त्यानें पांच देवळें बांधलीं. केदारापासून रामेश्वरापर्यंतची वाट त्या काळीं तुडविणाऱ्या माणसाच्या प्रवासाचा दगडावर कोरलेला हा लेख. आणि त्या लेखाच्या दारावरून आठ तासांत पांच ठिकाणें करणारे आपण मोटारींतून जातों! विधात्यानें आपली थट्टा करावयाचें मनांत आणलें असतें, तरी याहून नेमकी थट्टा त्यास साधली नसती. त्या वाडींत पर्यटकांस सहज प्रवेश मिळत नाहीं, हें खरें. पण दाराशीं मोटार थांबवून ‘येथें त्र्यंबकेश्वराचें नांव असलेला दगड येऊन पडला’ असें आपल्या मुलांस सांगावयास कोणाची परवानगी लागते ? लागते ती माहिती. आणि ती विकत मिळणाऱ्या आठ तासांत बसत नाहीं.

त्याच रस्त्यानें थोडें पुढें मोंसेरात. तेथील बागेंत हिंदुस्थानी बनावटीची एक कमान आहे. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानांतून बाहेर गेलेल्या वस्तूंपैकीं ती. फ्रान्सिस कुक या इंग्रज धनिकानें ती मिळवून आपल्या बागेंत उभी केली. एका रस्त्यावर सोमनाथचा दगड आणि सत्तावनची कमान ! ज्यास लोक ‘परक्यांच्या राजवाड्यांची सहल’ म्हणतात, ती वास्तविक आपल्या घरांतून गेलेल्या वस्तूंच्या कोठारावरून केलेली फेरी आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, मग आम्हीं तेथें जाऊन दांतओठ खावे काय ? मुळींच नाहीं. दांतओठ खाणें ही न पाहण्याचीच दुसरी तऱ्हा आहे. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली, आणि वसईच्या चर्चांतल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घंटा आज नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत, मेणवलीस आणि भीमाशंकरास टांगलेल्या आहेत. आपण त्या वाजवितों आणि नमस्कार करतों. त्यांचा दगड आपल्याकडे नाहीं, आपला त्यांच्याकडे आहे. आपली घंटा त्यांच्याकडे नाहीं, त्यांची आपल्याकडे आहे. इतिहास हा असा दोन्ही अंगांनीं घरांत शिरलेला असतो. तो ज्यास ठाऊक आहे त्यास सिंत्र्यांत राग येवो, हंसूं येवो वा खेद होवो, पण त्यास कांहींतरी वाटेल. ज्यास ठाऊक नाहीं त्यास फक्त ‘किती छान ठेवलें आहे हो या लोकांनीं’ एवढेंच वाटावयाचें.

आणि पाहणें म्हणजे काय, हें शिकावयाचें तर याच कास्त्रोकडून शिकावें. १५३८-३९ च्या हिंवाळ्यांत, गव्हर्नर होण्याच्या कितीतरी आधीं, तो गोव्याहून दीवपर्यंत आरमाराबरोबर गेला. त्या प्रवासाची त्यानें लिहिलेली किनाऱ्याची वही प्रसिद्ध आहे. प्रत्येक खाडीच्या तोंडाशीं पाणी किती, खडक कोठें, वारा कसा, खूण म्हणून कोणती टेंकडी धरावी, हें त्यानें टिपलें. बंदरांचीं चित्रें काढलीं. आणि घारापुरीचीं व कान्हेरीचीं लेणीं पाहून त्यांचेंहि वर्णन लिहून ठेविलें. दाभोळ, चौल, मुंबई हीं आपलींच गांवें. पण सोळाव्या शतकांतील त्यांचीं रूपें अभ्यासावयाचीं तर शत्रूच्या वहींत डोकवावें लागतें. आपल्या किनाऱ्यावर त्यांचें राज्य झालें, तें केवळ तोफांनीं झालें नाहीं. असें सावकाश, वाकून, मोजून पाहण्यानेंहि झालें. जो सावकाश पाहतो तो राज्य करतो, आणि जो घाईनें पाहतो तो गिऱ्हाईक होतो. चारशें-पांचशें वर्षांपूर्वीं आपण पाहिले गेलों. आज आपण पाहावयास जातों, तरीहि गिऱ्हाईकच राहतों, याची आम्हांस खंत आहे.

समुद्रकांठाच्या उत्तरार्धाचीहि हीच कथा. काबो दा रोका हें युरोप खंडाच्या भूमीचें पश्चिमेचें टोंक. सुमारें एकशें चाळीस मीटरांच्या कड्याखालीं अटलांटिक महासागर आदळत असतो. येथें आपण आलों होतों, असें नांवानिशीं प्रमाणपत्र पैसे दिल्यास मिळतें, आणि पुष्कळ मंडळी समुद्राकडे पाहण्यापूर्वीं त्याच्या रांगेंत उभीं राहतात. ज्या समाजांत शाळेपासून म्हातारपणापर्यंत प्रमाणपत्रांवांचून कांहींच घडत नाहीं, त्या आपल्या समाजास ही सोय आवडली तर नवल नाहीं ! पुढें कश्काइश. येथें तासभर मिळतो. तेवढ्यांत बर्फाचा गोड पदार्थ खाऊन होतो. हें मूळ कोळ्यांचें गांव. १५८० सालीं स्पेनच्या राजाचा सेनापति आल्बाचा ड्यूक याचें सैन्य याच किनाऱ्यावर उतरलें, आणि त्यानंतर साठ वर्षें पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजांकडे राहिला. म्हणजे गोवें, चौल आणि वसई येथील कारभारहि त्याच राजांच्या नांवानें चालला. पुढें १८७० पासून पहिला लुइश हा राजा उन्हाळ्यांत येथील गढींत राहूं लागला. मागोमाग दरबारी आले, बंगले उठले, १८७८ सालीं पोर्तुगालांतले पहिले विजेचे दिवे येथें लागले, आणि १८८९ सालीं, ज्या वर्षीं तो राजा येथेंच वारला त्या वर्षीं, आगगाडी आली. कोळ्यांच्या गांवाचें राजाचें गांव, आणि राजाच्या गांवाचें पर्यटकांचें गांव कसें होतें, याचा हा संपूर्ण धडा आहे. अलिबाग, मुरूड, गणपतीपुळें येथें जें आज चाललें आहे तें ज्यास समजून घ्यावयाचें असेल, त्यानें कश्काइशला एक दिवस द्यावा. एक तास देऊन त्यास काय मिळणार ?

राहिला तिसरा शब्द, ‘खाजगी’. या शब्दाची मोहिनी आम्हांस समजते. गर्दी नाहीं, परके लोक नाहींत, आपलें आपण. पण परके लोकच नकोत तर परदेशांत कशास जावें ? लिस्बनच्या रोसियू स्थानकावरून सिंत्र्यास आगगाडी जाते. १८८७ पासून हा मार्ग चालू आहे, आणि पाऊण तासाच्या आंत ती तेथें पोंचविते. हिच्या वाटेवर आमादोरा, केलुश अशीं उपनगरें लागतात. १९७४-७५ नंतर पोर्तुगालचें आफ्रिकेंतील साम्राज्य मोडलें, तेव्हां अंगोला, गिनी, केप व्हर्द येथून आलेलीं हजारों कुटुंबें याच उपनगरांतून वसलीं. आणि मोझांबिकांतून लिस्बनच्या परिसरांत आलेल्यांमध्यें आपले गोंवेकर आणि गुजराथीहि आहेत. सकाळच्या गाडींत हे लोक कामावर जातांना भेटतात. ज्या साम्राज्यानें सिंत्र्याचे वाडे सजविले, त्याच साम्राज्याचीं लेंकरें त्याच वाटेवर राहतात. एका तिकिटांत दोन्ही टोंकें दिसतात. खाजगी मोटार हा सगळा भाग वगळून हमरस्त्यानें नेते, आणि त्याबद्दल अधिक पैसे घेते. दुसरी गोष्ट अशी कीं, आपण जेव्हां ‘गर्दी नको’ म्हणून सहाजणांसाठीं एक मोटार घेतों, तेव्हां सिंत्र्याच्या चिंचोळ्या रस्त्यावरची गर्दी आपणच होतों. या गांवास १९९५ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. आज तेथील रहिवाशांस आपल्याच गल्लींतून बाहेर पडणें अवघड झालें आहे, आणि डोंगरावर जाणाऱ्या मोटारींवर निर्बंध घालावे लागले आहेत. तेथल्या माणसास आपला खाजगीपणा किती महाग पडतो, याचाहि विचार सुसंस्कृत प्रवाशानें करावयास हवा.

आमच्या विरुद्ध बोलणाऱ्यांचे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा कीं, आईवडील बरोबर असतात, त्यांचे गुडघे दुखतात, त्यांस आगगाडी आणि चढण झेपत नाहीं. हा आक्षेप रास्त आहे; आणि त्यास उत्तरहि सोपें आहे. मोटार अवश्य घ्यावी, पण तिनें पांच ठिकाणीं न नेतां एका ठिकाणीं न्यावें. वृद्धांस खरा त्रास चढण्यापेक्षांहि पांच वेळां चढण्याउतरण्याचा आणि ‘चला, चला’ या धोशाचा होतो. जुन्या राजवाड्यापुढील चौकांत त्यांस निवांत बसवून त्या धुराड्यांकडे पाहूं द्यावें. आपल्या लहानपणच्या वाड्यांतल्या स्वयंपाकघराच्या चार आठवणी ते नातवंडांस सांगतील, आणि त्या कोणत्याहि गाइडाच्या गोष्टींहून मोलाच्या ठरतील.

दुसरा आक्षेप असा कीं, एवढा खर्च करून जावयाचें, पुन्हां येणें होईल न होईल, मग होईल तेवढें पाहून कां घेऊं नये ? यांतला ‘पाहून घेणें’ हा शब्दप्रयोगच लक्षांत ठेवण्यासारखा आहे. आपण आंबे घेतों, कापड घेतों, तसें पाहूनहि घेतों. परंतु राजवाडा हा उचलून आणण्याचा माल नव्हे. पुन्हां जाणें होणार नसेल, तर एक ठिकाण नीट पाहण्याचें कारण उलट अधिक बळकट होतें. पुन्हां न भेटणाऱ्या माणसाशीं आपण दोन शब्द अधिक बोलतों. त्याच्या शेजारच्या चौघांस नुसता नमस्कार करून येत नाहीं.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्राध्यापकांस पुस्तकें वाचावयास वेळ असतो. कचेरींत दहा-दहा तास राबणाऱ्या माणसानें वर्षाच्या आठवड्याच्या रजेंत तरी अभ्यास कां करावा? त्यास विश्रांति नको काय ? हवी, परंतु आठ तासांत पांच ठिकाणें हिंडणें याइतका विश्रांतीचा विपर्यास दुसरा नाहीं. कचेरींतलीच घाई, घड्याळ आणि यादी तो दहा हजार रुपये अधिक देऊन समुद्रापलीकडे घेऊन जातो. अभ्यास म्हणून आम्ही मागतों तरी किती ? जाण्यापूर्वीं एक पुस्तक, किंवा तेंहि नसेल तर दोन चांगले लेख. जाऊन एक राजवाडा आणि एक गांव, तेंहि दोन निरनिराळ्या दिवशीं. गाइड घेतलाच तर त्यास विचारावयाचे चार प्रश्न आधीं लिहून ठेवणें. आणि परत आल्यावर आपल्या शब्दांत चार पानें. याहून अधिक आम्ही मागत नाहीं.

हा विषय केवळ परदेशवारीपुरता असता, तर त्यावर इतका शब्दविस्तार करण्याचें कारण नव्हतें. परंतु पाहण्याची जी संवय आपण विकत घेतों, ती घरीं परत येतांना बरोबर घेऊन येतों. जंजिऱ्यास शिडाच्या होडींतून जावयाचें, होडीवाल्यानें दिलेल्या वेळांत कलालबांगडी तोफेपाशीं छायाचित्र काढावयाचें आणि परतावयाचें. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट गाडी न थांबवितां ओलांडावयाचा. वसईच्या पडक्या चर्चांत लग्नापूर्वींचीं छायाचित्रें काढावयाचीं. हें सारें त्याच संवयीचें फळ आहे. ज्या समाजाची नजर पाऊण तासांत भागते, त्याच्या किल्ल्यांची डागडुजी कोण करणार आणि कोणासाठीं ? वारसा टिकतो तो सरकारी पाट्यांनीं टिकत नाहीं. तो पुन्हां पुन्हां, सावकाश, प्रश्न विचारीत पाहणाऱ्या लोकांच्या नजरेनें टिकतो.

यंदाच्या सुटींत जीं कुटुंबें लिस्बनास जातील, त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे. सहलीच्या यादींतलीं चार नांवें खोडावीं, एक ठेवावें. आणि जें ठेवाल त्याच्याविषयीं दहाव्या यत्तेंतल्या मुलास अर्धा तास सांगतां येईल, इतकें तें पाहावें. मोंसेरातच्या रस्त्यानें जाणें झालें, तर पेन्या व्हेर्देच्या दाराशीं मोटार थांबवावयास सांगावी. गाइड कारण विचारील. तेव्हां त्यास त्रिपुरान्तकाची गोष्ट आपण सांगावी. त्या दिवशीं वाट दाखविणारा कोण आणि पाहणारा कोण, हा प्रश्न निराळ्या रीतीनें सुटेल. आणि दिलेले पैसे प्रथमच वसूल होतील.